मंजुळाबाईची गिरणी आणि आमच्या आळीतले दिवे

आमच्या आळीत वीज आली तेव्हा मी नवी सून होते. पुनावळ्याहून चिंचवड गावात आले, आणि कंदिलाच्या काचा पुसायचं काम सुटलं म्हणून मनातल्या मनात खूश झाले. पन्नास सालानंतरचे दिवस. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं चालली होती, नदीकाठी अजून वांग्यांचे मळे होते, आणि आमच्या ओसरीवर एक बल्ब होता. दिवेलागणीला खटका दाबला की माझ्या सासूबाई, ठकुबाई, त्याला डोळे मिटून हात जोडायच्या.

आणि नेमका तेव्हाच तो मान टाकायचा. पांढऱ्याचा पिवळा व्हायचा, पिवळ्याचा तांबडा, मग रडतखडत पुन्हा वर यायचा. जरा वेळ गेला की परत तेच. सगळ्या आळीत तसंच, आणि कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावर मंजुळाबाईची पिठाची गिरणी सुरू झालेली असायची.

मंजुळाबाई करमाळ्याकडची. तिच्या नवऱ्याने इथे येऊन विजेची गिरणी घातली आणि वर्ष सरायच्या आत तो तापाने गेला. आता बाई गिरणी विकून माहेरची वाट धरणार, असं सगळे धरून चालले होते. ती डोक्याला फडकं बांधून खटक्याशी उभी राहिली. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, आणि तोंड मात्र कायम चालू. मला तिने माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. "काय गं पुनावळे, आज सासूला जाडं पायजे का बारीक?" असं भर रांगेत विचारायची. मला राग यायचा. आज ती हाक ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

तर दिव्यांचं सांगत होते. सासूबाईंच्या मते हात जोडताना दिवा विझू विझू होणं घराला चांगलं नव्हतं. असं म्हणणाऱ्या घरोघरी होत्या. शेवटी आळीतले वडीलधारे अर्जुनराव, ज्यांच्या घरची प्रत्येक भाकरी त्याच गिरणीच्या पिठाची, ते मंजुळाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "येत्या अवसेपातुर ह्या दिव्यांचं काय ते बघा. न्हाईतर दिवेलागणीनंतर गिरणी बंद ठेवायची. मी वीज कंपनीला अर्ज करीन."

बोलायला सोपं होतं. पण तिची खरी गिऱ्हाइकं यायची ती दिवेलागणीलाच. बांधकामावर पाट्या वाहून परतणाऱ्या बाया वाटेत ज्वारी घ्यायच्या, दळायच्या आणि रात्रीच्या भाकरी करायच्या. ती वेळ बंद म्हणजे गिरणीच बंद, आणि मग करमाळ्याला भावाच्या दारात जाऊन बसणं. मंजुळाबाई त्या दिवशी कुणाची थट्टा करेना, तेव्हा मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

तिने ज्योतीराम वायरमनला बोलावलं. देहूरोडला नोकरी करून तो गावातली कामं करायचा. आधी त्याने आळीत फिरून विचारलं, दिवा एकाच घरात पडतो की सगळीकडे. सगळीकडे म्हटल्यावर घरातल्या वायरिंगला त्याने हात लावला नाही. गिरणीच्या मीटरपाशी एक जोड ढिला होऊन काळा पडला होता, तो घासून आवळला. त्याने थोडा फरक पडला, पण दिवे पडायचे थांबले नाहीत. मग तो संध्याकाळी गिरणीत नुसता बसून राहिला. मी दळण घेऊन रांगेतच होते.

मंजुळाबाईने नेहमीप्रमाणे वरच्या नरसाळ्यात ज्वारी ओतली, दाणे दगडांत उतरले, आणि मग खटका ओढला. मोटर कण्हली. बाहेर आळीतले दिवे तांबडे झाले. एकीचं दळण संपत आलं तशी तिने गिरणी बंद केली, दुसरीची ज्वारी ओतली आणि पुन्हा खटका ओढला.

"मावशी, दर पाटीला बंद का करता?" ज्योतीरामने विचारलं. "आन् दगडात दाणं भरल्याव मोटर कशी उठंल? सगळा भार एकदम येतोय, म्हणून दिवं पडत्यात. आधी रिकामी फिरवा. जोरात आली की दाणं सोडा, आन् रांग संपंस्तवर बंदच करू नका."

"रिकामी न्हाई फिरवायची," ती म्हणाली.

आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. रिकामं जातं फिरवू नये हे आम्हीही आयांकडून शिकलेल्या. पण ज्योतीराम हट्टाला पेटला. हे जातं नाही, मोटर आहे, म्हणाला. आणि हे जमत नसेल तर अवसेला कुलूप लावा.

मंजुळाबाई पोत्यावर बसली. आमच्याकडे न बघता बोलली.

"दुष्काळात माझी आई पहाटं रिकामं जातं वढायची. घरात दाणा न्हाई, हे शेजारणीला कळू नये म्हणून. आमी पोरं त्या आवाजानं जागी व्हायचो. वाटायचं, आज भाकरी हाय."



ती उठली. नरसाळं रिकामं केलं, हात झटकले आणि खटका ओढला. दगडावर दगड खडखडला. असा कोरडा आवाज मी त्या गिरणीत कधी ऐकला नव्हता. दारातून मला आमची ओसरी दिसत होती. बल्ब जरासा लवला आणि लगेच सावरला, सासूबाईंचे हात जोडलेलेच होते. मी सांगायला वळले, तर मंजुळाबाई भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कान घट्ट दाबून उभी होती.

रांगेत पुढे छबूबाई होती, बांधकामावरची. ज्योतीरामने मान हलवताच तिने पाटी उचलून सगळी ज्वारी एकदम नरसाळ्यात लोटली. आवाज भरला. मंजुळाबाईने कान सोडले. छबूबाईचे दाणे संपायच्या आत मागची पाटी वर आलेली होती, तिच्यामागे माझी.

गिरणी चालू राहिली, अर्जुनरावांचा अर्ज करायचा राहूनच गेला. आता माझ्या सुनेकडे घरगुती चक्की आहे, दळण निवांत होतं. आम्ही मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या रांगेत पाट्या खाली न ठेवता, छातीशी उचलून धरून उभ्या राहायचो. हात भरून यायचे. नव्या आलेल्या सुना विचारायच्या, टेकवत का नाही? आम्ही म्हणायचो, इथे अशीच रीत आहे.