पाठमोरा माणूस

आणीबाणी उठली त्या साली भात लावून झाल्यावर आमचं मालक गोव्याला खाणीत कामाला गेलं. जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. कापणी आली तरी मालकांचा पत्ता न्हाय. संगं गेलेली माणसं परत आली नि म्हटली, "त्यो तर दसऱ्याआधीच निघालाय की, वैनी!"

मग मी नि धाकटा दीर पोलिसात गेलो. हवालदारानं फोटो मागितला. फोटो कुठला? लगीन झालं तवाबी काढला न्हवता. दिराला पेन्सिलीनं चित्रं काढायचा लई नाद. लावणीच्या वक्ताला बांधावर बसून एक काढलेला. मी बोललेते बी, "भावजी, कागदावर रोपं लावून पोट भरतंय व्हय?" तर म्हटला, "चिखल तर लागत न्हाय, वैनी." डोंगर, खाली वाफं, नि मधी एकटं मालक, पावसाला डोक्यावरनं घोंगड्याची खोळ घेऊन पाठमोरं. तेच चित्र पुढं केलो.

हवालदारानं कागद उलटापालटा केला. "तोंड कुठं हाय बाई ह्याला?"

दुसरा पोलीस हसला. "ह्यो मी बी असंन!"

मला तर बघितल्याबरोबर वळखू येत हुतं. डावा खांदा जरा खाली, मान पुढं.

दीर बाकावर बसला, म्हटला तोंड काढून देतो. "दादाचं नाक कसं हो, वैनी?"

सासू-सासऱ्यापुढं नवऱ्याकडं मान वर करून बघायची रीत न्हवती. बाजारला जाताना ते पुढं, मी मागनं. नाक आठवाय गेले तर सासऱ्याचं नाक म्होरं याया लागलं. दीर बी काढला, खोडला, शेवटाला निघालं ते त्याचंच तोंड.

"ह्यो तर हितंच बसलाय की रं!" हवालदार म्हटला. सगळी हसली. दिराच्या डोळ्यात पाणी आलं. मला रडू आलं न्हाय.

त्या म्हैन्यात बाजारच्या दिवशी मी लोंढ्याला टेसनावर जायाची. गोव्याकडनं गाडी आली की उतरणाऱ्यांच्या पाठी बघत उभी ऱ्हायाची. एकदा तसाच खांदा दिसला. पळत गेले, सदरा धरले. माणूस वळला. दुसराच कोण तरी.

"काय पायजे, आक्का?"

"काय न्हाय अण्णा, जावा तुमी."

गाडी गेली. भात उभं हुतं रानात, ते कापायचं हुतं. घराकडं आले.