मनमाडहून आलेली पिशवी

माझ्या मुलीचा जन्म झाला आणि तासाभरात माझा रक्तस्राव थांबेना. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. शहरात त्या गटाची एकच पिशवी होती, ती चढवून झाली. डॉक्टरांनी आणखी एक लगेच मागवली, तसा नवरा रक्तपेढीत धावला.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. काउंटरवरच्या बाईंना तो म्हणाला, "कुणा मोठ्या माणसाचा फोन यायला हवा का? ओळखी काढतो."

"फोन नको," त्या म्हणाल्या. "ज्याला जास्त निकड, त्याचा नंबर आधी. मधे कुणाला घुसवलं तर सगळ्या रक्तपेढ्यांना दिसतं."

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्या आता ब्लॉकचेनवर जोडल्या आहेत, हे त्याला तिथेच कळलं. प्रत्येक पिशवीची नोंद सगळीकडे एकाच वेळी राहते. एका पेढीने ती नोंद गुपचूप बदलली तर बाकीच्यांशी जुळत नाही. माझ्या गटाची पिशवी मनमाडला दिसत होती. बाईंनी मागणी टाकली आणि पिशवी तिथून निघाली.

पिशवी आली तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होते. हाताला आधी गार लागलं, मग हळूहळू अंगात ऊब आली, एवढंच आठवतं.

घरी आल्यावर रक्तदात्याला दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटलं. नाव कळत नाही, पण रक्तपेढीमार्फत निरोप पाठवता येतो. मी लिहिलं, 'तुमच्यामुळे मी माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसले आहे.'

आठवड्याने उत्तर आलं.

'ताई, मी रेल्वेत आहे. पूर्वी नेमाने रक्त द्यायचो. मग कुणीतरी म्हणालं, आपण फुकट देतो आणि आत ते विकतात. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता, म्हणून बंद केलं. आता आपली पिशवी कुठे पोचली ते दिसतं असं ऐकलं, म्हणून एकदा देऊन पाहिलं. ती तुम्हाला लागली. आता पुन्हा देत राहीन.'

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बाळाला तेल लावत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "त्या माणसाचा विश्वास परत बसला नसता तर?"

 इतके दिवस मी त्या अनोळखी माणसाचे उपकार मानत होते. त्या दिवसापासून, ज्यांनी खटपट करून ही व्यवस्था उभी केली त्यांचेही मानू लागले. त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही.

सुईला घाबरणारा माझा नवरा पुढच्या रविवारी शिबिरात जाऊन रक्त देऊन आला. काही दिवसांनी जेवताना त्याचा मोबाइल वाजला. त्याची पिशवी घोटीच्या एका पेशंटला दिली होती. त्याने तो मेसेज दोनदा वाचला आणि ताट तसंच ठेवून आईला दाखवायला आत गेला.