आत्याच्या वाकुल्या

आत्याचं अर्धं तोंड लुळं पडलं तेव्हा तिने चाळिशीही गाठली नव्हती. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून गळायला लागलं. आरशात बघितलं तर डावी बाजू ओघळलेली. औषधं झाली, मालिश झालं. ओठ वाकडा तो वाकडाच राहिला. माझे बाबा, तिचे थोरले भाऊ, मायेनेच सांगायचे, "चारचौघांत हसू नकोस गं."

आत्या कपडे आल्टर करायची. जुनी बटणं शोधायला जुन्या सामानाच्या दुकानात गेली, तर डब्यात सुपारीएवढा लाकडी माणूस सापडला. बोटाने पापणी खाली ओढून, जीभ काढून वाकुल्या दाखवणारा. पाठीला दोन भोकं.

दुकानदार म्हणाला, "बटण नाही हो, जपानी नेत्सुके आहे. पूर्वी तिकडच्या झग्यांना खिसे नसायचे. थैली दोरीने पट्ट्याला लटकवायची, आणि दोरी निसटू नये म्हणून वर हे अडकवायचं."

"म्हणजे हा मेला दिवसभर कमरेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेडावायचा?" आत्या म्हणाली, आणि तोंडावर हात न धरता खदखदून हसली.

मग तिला नादच लागला. फुलं, पक्षी, गंभीर म्हातारे तिला नको असत. जांभई देणारा साधू हवा. उंदीर पाठीवर चढलाय आणि हा टोपलीखाली शोधतोय, असा वेंधळा हवा. शिवणयंत्रावरचं कपाट भरलं. बाबा म्हणायचे, "पोरखेळ!"

वाचनालयाने तिच्या या संग्रहाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. ग्रंथपालबाई निवड करायला घरी आल्या. ढुंगण वर करून पादणारा, शिंगातून कोरलेला माणूस हातात आला, तसा त्यांनी तो पटकन खाली ठेवला.

"हा तेवढा नको. आणि उद्घाटनाला," त्या माझ्याकडे वळल्या, "तूच बोल. ताईंचं बोलणं जरा अस्पष्ट येतं ना."

बाबांनी मान डोलावली. आत्याने कपाटाला कुलूप लावलं.

"हा नाही तर कुणीच नाही. आणि बोलणार मी. प आणि ब माझ्या तोंडातून फुसकन निघतात, निघू देत. पादणाऱ्याविषयी बोलायला असंच तोंड लागतं!"

बाई आधी लाल झाल्या, मग त्यांनाच हसू फुटलं.

उद्घाटनाला आत्या उभी राहिली. पहिल्याच वाक्याला शब्द फुसकला आणि मागे कुणीतरी खुसखुसलं. बाबांनी मान खाली घातली. आत्या थांबली.

"दबून कशाला हसता? मोठ्याने हसा. मीही हसते, बघा कसा ओठ जातो तो."

ती हसली. तोंड पार कानाकडे गेलं. मग सगळं दालन हसायला लागलं, आणि ती त्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलत राहिली.

घरी येताना बाबा म्हणाले, "जरा अतीच झालं."

"होऊ दे की," आत्या म्हणाली.

प्रदर्शन महिनाभर चाललं. पादणाऱ्यापुढची काच बोटांच्या ठशांनी सगळ्यात जास्त मळायची. ती पुसायला आत्या स्वतः जायची, आणि समोर जो उभा असेल त्याच्याशी गप्पा मारत बसायची.