लोरेनची मैत्रीण, लोरेनची अध्यक्ष

एव्हरिल टन्स्टलचा नवरा गेला त्या हिवाळ्यात ती दिवसभर रेडिओ लावून बसायची. ऐकायची नाही, नुसता लावायची. मुलगा ऑस्ट्रेलियात. इंग्लंडातल्या बर्न्ली गावात तिचं म्हणावं असं एकच माणूस, शाळेपासूनची मैत्रीण लोरेन.

लोरेनचं केस कापायला शिकवणारं केंद्र होतं, गालिच्यांच्या जुन्या दुकानाच्या वर. मुली गावोगावच्या पार्लरांत कामाला असायच्या आणि आठवड्यातला एक दिवस केंद्रात शिकायला यायच्या. मी त्यांना गणित शिकवायचे. केंद्र चालायचं सरकारी पैशावर, त्यामुळे देखरेखीला बाहेरच्या माणसांचं एक मंडळ लागायचं. त्याला अध्यक्ष हवा होता.

"घरात बसून बुरशी येईल तुला," लोरेन म्हणाली. "ये आमच्याकडे. अधूनमधून बैठक, चहा, केक, सही. संपलं."

"मला केसांतलं काय कळतंय?"

"तुला कुठे कापायचेत? बँकेची शाखा सांभाळलीस ना इतकी वर्षं? मग झालं तर."

पहिली दोन-तीन वर्षं तसंच चाललं. लोरेन अहवाल वाचायची, मंडळी माना डोलवायची. बैठक झाली की दोघी मासे-चिप्स खायला जायच्या. एव्हरिलचे केसही लोरेनच कापायची, स्वतःच्या स्वयंपाकघरात, खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरून.

पण एव्हरिलला घरी काम नसायचं, त्यामुळे ती बैठकीचे कागद अथपासून इतिपर्यंत वाचायची. एकदा तिने विचारलं, "लोरेन, इतक्या मुली अर्ध्यातून सोडून का जातात गं?"

"पोरीच त्या! प्रेमात पडतात, नाहीतर कंटाळतात."

सगळे हसले. एव्हरिलही हसली. घरी गेल्यावर मात्र तिला चैन पडेना. शेवटी बस पकडून ती स्वतःच पार्लरं बघत हिंडली. शेजारच्या पॅडिहॅम गावच्या पार्लरात टीगन नावाची मुलगी झाडू मारत होती. तिला विचारलं, "तुझा शिकायचा दिवस कोणता?"

"शुक्रवार," टीगन म्हणाली, "पण शुक्रवारीच तर गर्दी असते. मी गेले तर टॉवेल कोण धुणार? मालकीणबाई सोडतच नाहीत."

आणखी दोन-तीन ठिकाणी हेच ऐकायला मिळालं. एव्हरिलने आधी लोरेनला फोन केला. लोरेन म्हणाली, "सोड गं, जगात सगळीकडे असंच असतं." मग एव्हरिलने तो विषय बैठकीत काढला. लोरेनचा चेहरा पडला. बैठक संपल्यावर जिन्यात तिने एव्हरिलला अडवलं. मी खालून वर येत होते, तिथेच थबकले.

"सगळ्यांसमोर, एव्हरिल? पार्लरवाल्यांना दुखावलं तर उद्या ते आपल्या मुली घेणारच नाहीत. मग मी काय करू?"

"हेच मंडळाला सांग ना. मंडळ असतं कशाला?"

"मंडळ! तुला त्या घरातून बाहेर काढलं मी. मी!"

एव्हरिल कठड्याला धरून हळूहळू खाली उतरली.

मंडळाने ठराव केला, की जे पार्लर शिकायच्या दिवशी मुलीला सोडणार नाही त्याच्याकडे मुलगी पाठवायची नाही. लोरेनने तो पाळलाही. काही पार्लरं तुटली, काही वळणावर आली. पण एव्हरिलला येणारे तिचे फोन थांबले. ईमेल यायचे, "माननीय अध्यक्ष" अशा सुरुवातीचे. केस कापायला एव्हरिल बाजारातल्या कुठल्याशा दुकानात जायला लागली.

मग एक दिवस कळलं, पुढच्या आठवड्यात केंद्राची सरकारी तपासणी आहे. केंद्रात एकच धांदल उडाली. कोणी आरसे पुसतंय, कोणी भिंतीवर सुरक्षिततेच्या सूचना चिकटवतंय. त्या संध्याकाळी किती महिन्यांनी लोरेनचा फोन आला.

"तुलाही बोलावतील. सगळं छान चाललंय, एवढंच सांग. माझ्यासाठी."

"मी तुझ्याविरुद्ध बोलणार नाही, लोरेन. पण खोटंही नाही बोलणार."

पलीकडून फोन ठेवला गेला.

तपासनीस बाईंनी एव्हरिलला माझ्याच वर्गात बसवलं. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं, "तुम्हाला इथे कशाची काळजी वाटते?" एव्हरिलने सगळं सांगितलं: पार्लरवाले मुलींना शिकायला सोडत नव्हते, आम्हाला ते उशिरा कळलं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. मग आम्ही काय केलं आणि अजून कोणती पार्लरं ऐकत नाहीत, तेही सांगितलं.

"मुलींनी कालच सांगितलं आम्हाला," बाई म्हणाल्या. "केंद्राला ते माहीत आहे का, एवढंच बघायचं होतं."

निकाल काही चांगला लागला नाही. सुधारणा हवी, असा शेरा आला. पण आपल्या चुका केंद्राला ठाऊक आहेत आणि त्यांवर काम चालू आहे, असंही त्यात होतं, आणि तेवढ्यावर केंद्र तरलं. लोरेनने ते वाक्य आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. मग एव्हरिलपाशी जाऊन तिने हात पुढे केला. "आभारी आहे."

"शाळेपासून ओळखतो आम्ही," एव्हरिल मला बाहेर म्हणाली. "तिने कधी माझ्याशी हात मिळवला नव्हता गं."

पुढच्या तपासणीत केंद्राला चांगला शेरा मिळाला. पबमध्ये मेजवानी झाली. लोरेनने भाषणात सगळ्यांचे आभार मानले, मंडळाचेही. एव्हरिल कोपऱ्यात कोट मांडीवर घेऊन बसली होती. केव्हा उठून गेली, कोणाला कळलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिची अध्यक्षपदाची मुदत संपली आणि तिने ती वाढवून घेतली नाही.

परवा दोघी मला बसथांब्यावर दिसल्या. लोरेन नातवाबद्दल सांगत होती, दात येताहेत, रात्ररात्र रडतो. एव्हरिल म्हणाली, "होईल कमी." बस आली. लोरेन वरच्या मजल्यावर गेली. एव्हरिल खालीच खिडकीपाशी बसली.