अव्वानं उतरवलेलं फाटक

अव्वाला एखादी गोष्ट पटली नाही की ती फक्त एक शब्द उच्चारायची, "सुळ्ळ!" कानडीत सुळ्ळ म्हणजे खोटं. भाजीवाल्यानं वांगी ताजी आहेत म्हणून सांगितलं की सुळ्ळ. तपासणीला आलेल्या साहेबांनी भाषणात शाळेची प्रगती समाधानकारक असल्याचं सांगितलं, तेव्हा मागच्या भिंतीपाशी घागर घेऊन उभी असलेली अव्वा स्वतःशीच, पण तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुळ्ळ!" साहेबांना कानडी येत नव्हतं हे आमचं नशीब.

भवानी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत ती पाणी भरायची, घंटा द्यायची आणि सकाळ-संध्याकाळ फाटक उघडायची-लावायची. माहेर अक्कलकोटकडचं. नवरा सुतार होता. तो गेल्यावर ती शाळेत लागली. मी तेव्हा नुकतीच तिथं गणित शिकवायला लागले होते. मी स्वभावानं गरीब आहे असं लोक कौतुकानं म्हणत. खरं म्हणजे मी भित्री होते. मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, रजा मागायलासुद्धा मला दोन दिवस धीर गोळा करावा लागे. अव्वा रजा मागत नसे, नुसती कळवत असे.

शाळेचं फाटक लाकडी होतं, चांगलं रुंद. त्याची कडीकडची बाजू खाली लोंबायची आणि जमिनीला घासायची. मग अव्वाचा धाकटा दीर यायचा. त्याचं पेठेतच सुतारकामाचं दुकान होतं. तो फाटकाची खालची कड करवतीनं कापून जायचा. काही महिन्यांत फाटक पुन्हा लोंबायचं, तो पुन्हा कापायचा. शेवटी खालून शेळ्या आत शिरून बागेतली जास्वंद खायला लागल्या, तरी फाटक आपलं घासतच होतं. "पाय दुखतोय म्हनून पाय कापत्यात व्हय?" अव्वा म्हणायची. दीर ते हसण्यावारी न्यायचा.

पण त्याला एक गोष्ट हवी होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अव्वाच्या खाटेखाली नवऱ्याच्या हत्यारांची पेटी होती. रंधे, पटाश्या, दोन करवती. लग्नानंतर वीस वर्षं अव्वानं नवऱ्याच्या बरोबरीनं लाकूड कापलं, तासलं होतं; मात्र घरात, दार लोटून. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते. "बाईमाणसाला हत्यारं कशाला? ज्याच्या हातात चालत्यात त्याचीच ती," असं दिरानं समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवलं. सोमवारी देवळात बसून निकाल द्यायचं ठरलं. शुक्रवारी अव्वा वर्गाबाहेरचा माठ भरायला आली, ती भरता भरता थांबली. "पेटी गेली तर माझ्याकडं काय ऱ्हातंय, बाई? भांडी?" त्या एकदाच मी तिचा आवाज चिरकलेला ऐकला.

शनिवारी सकाळी येऊन पाहते, तर फाटक बिजागऱ्यांवरून उतरवून रस्त्याकडेला आडवं टाकलेलं, शेजारी पेटी उघडी आणि अव्वा कासोटा मारून बसलेली. मोठ्या बाई धापा टाकत आल्या. "अव्वा, हे काय मांडलंय? बाईमाणसानं भर रस्त्यात करवत चालवायची? कमिटी काय म्हणेल?"

"फाटक तर उतरिवलंय," अव्वा मान वर न करता म्हणाली. "कमिटीला लावायला बलवा."

अव्वानं मला हाक मारली, "बाई, ही दोरी धरा."

तिनं दोरीनं फाटकाचे समोरासमोरचे दोन कोपरे मोजले, मग उरलेले दोन. पहिली दोरी चार बोटं जास्त भरली. "दोनी सारख्या येईस्तवर फाटक सरळ न्हाय," ती म्हणाली. आयताचे कर्ण समान असतात हे मी फळ्यावर दोन वर्षं लिहीत होते. आयत असा गुडघे टेकून मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिनं तिरकी पट्टी दाखवली. ती वरच्या बिजागरीकडून खाली कडीकडे ठोकलेली होती. "भावजींनी उलटी मारलीय. पट्टीनं खालच्या बिजागरीपाशी पाय रोवून कडीचं कोपरं वर उचलून धराय पायजे. ही नुसती लोंबकळतीय की." तिनं पट्टी उखडली, फाटक ठोकून ठोकून दोरीत आणलं, खाली मोडक्या बाकाची फळी जोडली आणि पट्टी सुलट बसवली.

तोवर गर्दी जमली होती. कारखान्यात विड्या द्यायला निघालेल्या बायका थांबल्या, मागावर विणणारे दोघे-तिघे बाहेर आले. दीर लगबगीनं आला. "वैनी, घरची अब्रू रस्त्यावर मांडली तुमी!"

"अब्रू न्हाय, फाटक मांडलंय," अव्वा म्हणाली. "धरा तिकडनं, लावू."

आणि त्यानं धरलं. एवढ्या लोकांसमोर दुसरं काय करणार?

सोमवारी म्हातारी मंडळी देवळाऐवजी फाटकाशीच जमली. सगळ्यांनी ढकलून पाहिलं. दीर म्हणाला, पावसात लाकूड फुगलं की अडकेल. ठीक आहे, पावसाळा जाऊ दे, पेटीचं मग बघू, असं ठरलं. अव्वानं कडीच्या बाजूला बोटभर फट आधीच सोडली होती. पाऊस झाला, लाकूड फुगलं, आणि नवरात्र आलं तरी फाटक कुठंही घासलं नाही.

खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, मंडळी तिच्या घरी गेली. मीही होते. पाटावर हत्यारं मांडून अव्वा स्वतःच्या हातानं त्यांना हळदकुंकू लावत होती. विधवेनं ते करायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. सगळ्यांत वयस्क होते ते खाकरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पेटी तुझ्याकडं. आमची परवानगी हाय."

मला वाटलं, आता ही वाकून पाया पडेल. अव्वा बोटं पदराला पुसत उठली. "मामा, माज्या पेटीला तुमची परवानगी कशाला? परसाद घ्या आन् या."

त्यांनी गुमान प्रसाद घेतला. मला इतका आनंद झाला होता की हसू दाबता दाबता ठसका लागला.

त्या दिवाळीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर अव्वानं चार मुलींना करवत धरायला शिकवायला सुरुवात केली. मोठ्या बाईंना विचारलं नाही, हे सांगायला नकोच. शनिवारी थांबायला मी घरी कारणं सांगत असे. पुढे कारणं सांगणंही सोडलं. त्या चौघींतली लक्ष्मी, पद्मशाली विणकराची मुलगी, लग्न होऊन पेठेतच राहिली आणि अव्वाकडे जात राहिली.

बऱ्याच वर्षांनी अव्वा गेली, तिच्या तेराव्याला मी तिच्या घरी गेले होते. मला बोलता बोलता रडू येत होतं. लक्ष्मी आली, सरळ आत गेली आणि खाटेखालची पेटी ओढून बाहेर काढली. दारात अव्वाचा दीर होता, आता म्हातारा झालेला. "कुनाला इचारून नेतीस गं?" तो म्हणाला.

लक्ष्मीनं पदराची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली, आणि तो बाजूला होईपर्यंत त्याच्यासमोर तशीच उभी राहिली.