जांभळा ठिपका

गल्लीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. दवाखाना म्हणजे जिन्याखालची खोली आणि पेशंट म्हणजे सुरू न होणारे कॉम्प्युटर. लग्नाआधी ती टायपिंग शिकवायची. तिथली बिघडलेली यंत्रं उघडता उघडता हातात स्क्रू-ड्रायव्हर आला, तो वीस वर्षं सुटला नाही. सकाळी आल्याबरोबर देवाच्या तसबिरीला हात जोडायचे, टेबल पुसायचं आणि कॉम्प्युटरची पहिली पेटी उघडायची.

तिची एक चांगली सवय होती. गिऱ्हाइकाला बसवून दिलेल्या प्रत्येक भागावर ती ओळखीसाठी नेलपेंटचा ठिपका द्यायची. स्वतःच्या नखांना कधी लावलं नाही, पण ड्रॉवरमध्ये सहा रंगांच्या बाटल्या. "सासूबाई म्हणतात, एवढं नेलपेंट आणते, मग सून नटते तरी कुठे?" असं स्वतःच सांगून हसायची.

दुसरी सवय तितकीशी चांगली नव्हती. कुणाच्या घरी दुरुस्तीला गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "कोणी काही दाबलं होतं का?" बहुतेक घरांत कोणीतरी काहीतरी दाबलेलं असायचंच. प्रश्न विचारला की घरचे एकमेकांकडे बघायचे आणि तिच्याकडे कोणी बघायचं नाही.

निवृत्त मास्तरांच्या घरीही तिने तेच विचारलं. त्यांचा कॉम्प्युटर तिने आदल्याच आठवड्यात धूळ काढून, लख्ख करून पोचवला होता. आता तो सुरू व्हायचा, अर्ध्या तासात गोठायचा, मग आपोआप बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "दुसरं कोण दाबणार? दुपारभर हीच ठाण मांडून बसते."

"मी आपली ताईशी बोलते तेवढंच," काकू म्हणाल्या. "तेसुद्धा तुम्हीच शिकवलेली दोन बटणं दाबून."

काकूंची थोरली बहीण दूरगावी असायची. तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. फोनचा उपयोग नाही आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर तिला ओठ दिसत नसत. मोठ्या पडद्यावर मात्र ती काकूंचे ओठ बघून सगळं समजून घ्यायची. साठीत काकू माउस धरायला शिकल्या त्या एवढ्यासाठी.

डॉक्टरीणबाईने त्या दिवशी सिस्टीम नव्याने भरली. पेटी काही उघडली नाही. आपल्याच हाताने साफ केलेली, तिच्यात काय बघायचं? निघताना म्हणाली, "काकू, जरा सांभाळून हं."

चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला, पुन्हा तेच. "सवडीने येते," ती म्हणाली. मास्तरांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि बायकोला बजावलं, "आता हात लावायचा नाही."

पंधरा दिवसांनी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरची पेटी पंखा बदलायला आली. ती उघडली, आत टॉर्च मारला आणि बाईचा हात तिथेच थांबला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर जांभळा ठिपका होता.

जांभळी बाटली दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या पट्टीला पहिलाच ठिपका देताना सांडून संपली होती. तो रंग दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

मग सगळं आठवलं. मास्तरांची पेटी धूळ काढायला आली होती त्या दिवशी झेरॉक्सवाल्याचा तापलेला कॉम्प्युटर नुसताच पीं पीं करत होता. त्याचीच पट्टी बिघडली की काय, ते बघायला तिने टेबलावर शेजारीच उघड्या असलेल्या मास्तरांच्या पेटीतली चांगली पट्टी काढून त्यात बसवली. कॉम्प्युटर चालू झाला. तेवढ्यात झेरॉक्सवाला दारात, "बाई, आटपा, गिऱ्हाइकं खोळंबलीत." तिने घाईत झाकण लावून पेटी देऊन टाकली. टेबलावर उरलेली त्याची आजारी पट्टी, ठिपका न बघताच मास्तरांची समजून, मास्तरांच्या पेटीत गेली. थंड असताना चालणारी, तापली की मान टाकणारी.

नवरा डबा घेऊन आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग गपचूप बदलून टाक. पार्ट गेला होता म्हण. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाहीच," ती म्हणाली. डबा तिने उघडला नाही. संध्याकाळी तसबिरीपुढे हात जोडले, पण वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. चादर काढली, जांभळ्या ठिपक्याची पट्टी परत बसवली. कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला. तासभर बसून राहिली, एकदाही गोठला नाही. मास्तर खूश. "बघा, पंधरा दिवस हिने हात लावला नाही, कसा सुतासारखा सरळ आला!"

काकू दारात उभ्या होत्या. गप्प बसून निभावून न्यायची वेळ हीच होती, पण बाईला ते जमलं नाही.

"काका, काकूंनी काही केलं नव्हतं. चूक माझी. दुसऱ्याची बिघडलेली पट्टी मीच तुमच्या पेटीत घातली. आणि वर न बघताच विचारलं, कोणी दाबलं का म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं होय," एवढंच म्हणाले आणि उगाच गॅलरीत गेले.

"काकू, मला माफ करा."

"अगं, मलाच वाटायला लागलं होतं," काकू म्हणाल्या. "रोज आठवून बघायचे, नेमकं कुठलं बटण दाबलं मी."

त्या खुर्चीवर बसल्या, पण हात मांडीवरच. "ताईला तूच लाव."

बाईने लावून दिलं. पडद्यावर पांढऱ्या केसांची बहीण आली. तिचे ओठ आवाज न होता भराभर हलले. काकूही आवाज न करता, ओठ मोठे करून काही बोलल्या. बहीण खो खो हसली आणि बोट उगारून काकूंना दटावू लागली.

"काय म्हणाल्या?" बाईने विचारलं.

"विचारत होती, इतके दिवस कुठे होतीस? आता तुझी ती पट्टी बिट्टी तिला ओठांनी कुठे समजावत बसू? म्हटलं, मीच काहीतरी दाबलं होतं."