तळघरातले सात पियानो

संगीतशाळेत पियानो सुरात लावणारा लढाईवर गेला, तेव्हा त्याची बायको तिथेच फरशी पुसायची. सुरक्षिततेसाठी तळघरात हलवलेले सातही पियानो बॉम्बच्या दणक्यांनी बेसूर झाले आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. मुख्याध्यापिकाबाई हवालदिल झाल्या.

"बाई, मी लावते," ती म्हणाली. "पंधरा वर्षं नवरा तारा लावतोय आणि मी ऐकतेय. कान काय त्याचा एकट्याचाच तयार झाला असेल?"

बाईंनी मन घट्ट करून सगळ्यात जुना पियानो दाखवला. बाह्या सरसावून ती एकेक तार चावीने पिळू लागली. मध्येच धोक्याचा भोंगा वाजला.

"हा मेला कायमचा बेसूर," ती हात न थांबवता म्हणाली, "आणि याला चावीही लावता येत नाही."

दुपारी बाईंनी स्वतः वाजवून पाहिलं. मग इतकंच म्हणाल्या, "उद्यापासून फरशीला दुसरं कुणीतरी बघते."

लढाई संपली आणि नवरा सुखरूप परतला. तळघरात फेरी मारून तो म्हणाला, "चांगले ठेवलेस. आता तीन तू लाव, चार मी लावतो."

"चार माझे," ती म्हणाली. "तुझा हात बसेपर्यंत तुला तीनच पुरे."